पोटात द्यायचं औषध

शकुंतलाबाईंची आणि माझी पहिली भेट इस्लापूरकडच्या एका उपकेंद्रात झाली. मी नवखी आरोग्यसेविका, त्या आमच्या पर्यवेक्षिका. 'अ' जीवनसत्त्वाची बाटली दाखवून मी एका आईला म्हणाले, "डोळ्याचं औषध आहे." बाईंनी बाटली काढूनच घेतली. "डोळ्याचं म्हनायचं न्हाई. पोटात द्यायचं औषध म्हन." एका शब्दासाठी चारचौघांत पाणउतारा! मला फार राग आला.

त्यामागचं कारण नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं. पूर्वी एका वस्तीवर रुक्मिण नावाच्या मुलीला गोवर आला होता. गोवराच्या घरात बाहेरच्या माणसाने जायचं नसतं, म्हणून बाईंना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. गोवरात डोळे जाऊ नयेत म्हणून पाजायचा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस त्यांनी शिशीत भरून आईच्या हाती दिला. "डोळ्याचं औषध हाय, पोरीला दे," एवढंच बोलल्या. आईने ते डोळ्यांत घातलं. पोटात थेंबही गेला नाही. आठवड्याने बाई गेल्या तेव्हा दोन्ही बुबुळं पांढरी पडली होती. त्यांनी तिला नांदेडला नेलं, लातूरला नेलं. नजर परत येणार नाही, असंच सगळीकडे डॉक्टरांनी सांगितलं.

बाईंनी ही चूक प्रत्येक प्रशिक्षणात उभं राहून सांगितली. रुक्मिणला सांगायचा धीर मात्र त्यांना कधी झाला नाही. दर नागपंचमीला तिच्याकडे जातात, जेवतात, गप्प परततात.

बाईंनी दारोदार शेवगा लावायला लावला, तांदुळजा-पाथरीच्या भाज्या मुलांना खायला घालायला शिकवलं. आता सोयाबीनवर तणनाशक फवारतात, शेतात आपोआप उगवणारा तांदुळजा जळून जातो आणि मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. गेल्याच महिन्यात 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की डोळ्यात येतो तो फेसासारखा डाग मी एका पोराच्या डोळ्यात पाहिला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आपून इतकी वर्षं काय करून राहिलो?"

बाईंच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण घेऊन मी रुक्मिणकडे गेले. ती आता चाळिशीची आहे. म्हणाली, "त्या शिशीचं मला समदं ठाव हाय. आईनं कवाच सांगितलं. बाई जेवता जेवता रडत्यात, तेबी ऐकू येतं मला."

हे ऐकून बाईंचं ओझं हलकं होईल, असं वाटून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. "ठाव असून मला जेवू घालती व्हय गं?"

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं या गौरवलेखात लिहिताना माझा हात अडतो. जितकी वर्षं मागावी तितकी वर्षं हे दुःख त्यांच्या सोबत राहणार. तरीही मी मागते आहे, आणि त्यात स्वार्थ आमचाच आहे. आपली चूक उभं राहून सांगणारं माणूस आमच्यात आता दुसरं उरलेलं नाही.