मामाचा फोन, काकाचा फोन

माझ्या मेहुण्याने तो महागडा फोन घेतला त्या दिवशी पेढे वाटले होते. फोनचे पेढे. नव्या होडीचे पेढे मी खाल्लेत, म्हैस व्याल्याचे खाल्लेत, शेजाऱ्याचा मुलगा तिसऱ्या खेपेत दहावी सुटला त्याचेही खाल्लेत. पण फोनचे पहिल्यांदाच. पेढा माझ्या तोंडात असताना मेहुणा सांगत होता की आता जगात कुणाला रस्ता विचारायची गरज उरली नाही. तो उरणला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. त्याच्या घरापासून यार्डापर्यंत एकच रस्ता आहे आणि त्या रस्त्याने तो एकोणीस वर्षं जातोय. आजवर त्याला रस्ता कुठे विचारावा लागत होता, हे मी विचारलं नाही. पेढा चांगला होता.

माझ्या धाकट्या भावाला हे सहन होणार नव्हतंच. त्याच्याकडचा फोन दुसऱ्या जातीचा. फोनांनाही आता जाती असतात आणि त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार चालत नाही, हे मला या दोघांमुळे कळलं. ह्याचा फोटो त्याच्याकडे सुखासुखी जात नाही, ह्याची वायर त्याला लागत नाही, आणि नकाशाही दोघांचे वेगळे. एकाच डोंगराचे, एकाच खाडीचे दोन नकाशे. भाऊ म्हणायचा, "त्याचा फोन फक्त शोला हाय. आपल्या फोनात काय न्हाय ते सांग." मेहुणा म्हणायचा, "गरिबाने फोनला नावं ठेवू नयेत." दोघेही कमावते, दोघांच्याही डोक्यावर केस कमी, आणि भांडण शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या पोरांचं.

एकदा थळला चुलत बहिणीकडे बारसं होतं. दोघे आपापल्या मोटारसायकलवरून, आपापल्या फोनच्या सांगण्याने निघाले. भाऊ चार मिनिटं आधी पोचला. ही चार मिनिटं आमच्या घरात दोन वर्षं चघळली गेली. मेहुणा म्हणे मी पेट्रोल भरायला थांबलो, भाऊ म्हणे पेट्रोलपंप कुठे आहे ते तुझ्या फोनला कळायला नको? दोघेही पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता आणि बायका घुगऱ्या वाटत होत्या, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत कधी आली नाही. मी दोन्हीकडे मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, गाढवांनो.

मला हा माज चढण्याचं कारण होतं. पंचवीस वर्षं मी खाडीवर तर चालवली, म्हणजे माणसं ह्या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. शिक्षक, कोळणी, वऱ्हाडं, एकदा तर अडलेली बाई आणि तिची सुईण, सगळे माझ्या तरीत बसले. पाणी कधी चढेल, कधी उतरेल, रेतीचा उंचवटा ह्या वर्षी कुठे सरकलाय, ते लोक मला विचारायला घरी यायचे. मग पूल झाला. पुलाचं मला वाईट वाटलं नाही. पूल म्हणजे काहीतरी बांधलेलं असतं, त्याला खांब असतात. वाईट ह्याचं वाटलं की पुलानंतर पाचेक वर्षांत मला कुणी काही विचारेनासं झालं. मुंबईची पोरं खाडीच्या तोंडाशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करून, फोनला विचारायची की समुद्र कुठे आहे. समुद्र समोर होता. अशांना मी तुच्छ मानायचो आणि आजही मानतो, ते काही लपवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझ्या मुलीने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता आणि ती पेणला एका खाजगी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढत होती. सरकारी दवाखान्यातल्या जागेची परीक्षा तिने दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. तिसऱ्या वेळी जाहिरात आली तेव्हा तिची वयाची मर्यादा जेमतेम तीन महिन्यांवर आली होती. म्हणजे ही शेवटची. सहा महिने ती पहाटे उठून अभ्यास करत होती. स्वयंपाकघरात पुस्तक डब्याला टेकवून वाचताना मी तिला पाहिलंय. परीक्षा दुपारच्या पाळीत होती, रविवारी. हॉल तिकिटावर जाड अक्षरांत लिहिलं होतं की दीड वाजता केंद्राचं फाटक बंद होईल आणि नंतर कोणालाही आत घेतलं जाणार नाही.

तिच्या मामाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, गाडी काढली. काका, म्हणजे माझा भाऊ, "मी पन येतो" म्हणून पुढच्या सीटवर जाऊन बसला, कारण मामाच्या फोनच्या हाती पुतणीला सोपवायला तो तयार नव्हता. मी आणि मुलगी मागे. साडेअकराला निघालो. पुढे काचेला दोन फोन चिकटवलेले, देव्हाऱ्यात दोन कुळांचे देव मांडावेत तसे. मामाचा इंग्रजीत बोलायचा, काकाचा हिंदीत. आमच्या मुलुखाचा रस्ता मराठीत सांगू शकणारं गाडीत एकच तोंड होतं आणि ते मी मिटून ठेवलं होतं.

गावाबाहेर दहा-पंधरा मिनिटांवर फाटा आहे. डावीकडे गेलं की मोठा रस्ता, उजवीकडे खारीतला. खारीतला रस्ता म्हणजे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधावरचा एकपदरी डांबरी पट्टा. मध्ये एके ठिकाणी खाडीचा फाटा आडवा येतो आणि तिथे रस्ता खाली उतरून एका बुटक्या मोरीवरून जातो.

"मोठा रस्ता फुल जाम," मामा म्हणाला. "लाल लाल दिसतंय बघा. खारीतून पंचावन्न मिनिटं."

"मोठ्या रस्त्याने एक तास पंचवीस दाखवतोय," काका म्हणाला. "दीड वाजायच्या आत पोचतोय ना? मंग? खारीत कशाला शिरतोस?"

"पंचावन्न आणि एक पंचवीसमधला फरक कळतो ना तुला? का तो पन फोनला विचारू?"

मामाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. विचारायला नव्हे, जिंकलेला माणूस प्रेक्षकांकडे बघतो तसं. "दाजी, टेन्शन नाय घ्यायचा. फोन बोलतो म्हंजे बोलतो."

अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. आमच्याकडे हिशेब सोपा असतो: तिथी धरायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पुरी, दिवस उधाणाचे, म्हणजे मोरी त्याच्या दीड तास आधी पाण्याखाली जाणार. बारा वाजता. आम्ही फाट्यावर होतो तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि मोरी तिथून पंचवीस मिनिटांवर. एवढा हिशेब मला करावासुद्धा लागत नाही. सकाळी डोळे उघडले की तो झालेला असतो.

मी बोललो नाही.

का बोललो नाही ते सरळ सांगतो. मला फोन तोंडावर आपटलेला बघायचा होता. मनात सगळं मांडून झालं होतं: मोरीवर जाऊ, समोर पाणी दिसेल, मामाचं तोंड एवढंसं होईल, काका "सांगत होतो" म्हणेल, आणि मग मी मागून शांतपणे म्हणेन, फिरवा गाडी, आज द्वितीया आहे. मागे फिरून फाट्यावर यायला अर्धा तास, पावणेएक धरा. तोवर जाम सुटला असेल, तिथून मोकळ्या रस्त्याने जीव काढत गेलो की पाऊण तासात टेकलो फाटकाला, दीडच्या सुमारास. एवढा बारीक हिशेब मी माझ्या मुलीच्या परीक्षेवर केला. आज लिहिताना ह्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

आम्ही उजवीकडे वळलो. बांधावर थोडं गेल्यावर काकाचा फोनही हिंदीत गुरगुरला आणि त्यानेही नवा रस्ता धरला: पंचेचाळीस मिनिटं, असेच सरळ. जन्मात पहिल्यांदा दोन्ही फोनांचं एकमत झालं. मामा हसला, काकाला हसावं लागलं, आणि दोघांनी चक्क टाळी दिली. मला उकळ्या फुटत होत्या. माझ्या शेजारी मुलगी हॉल तिकीट मांडीवर धरून ओठांत काहीतरी पाठ म्हणत होती. तिने एकदा खिडकीतून खाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाठ म्हणायला लागली.

मोरी दिसली नाही. रस्ता खाली उतरत होता आणि गढूळ पाण्यात शिरत होता. पलीकडे शंभरेक पावलांवर पुन्हा वर येत होता. मधल्या पाण्याला ओढ होती, फेस आडवा पळत होता.

"सीधे जाते रहिए," काकाचा फोन म्हणाला.

मी ठरवलेलं वाक्य तोंडात घोळवलं आणि म्हणालो, "फिरवा गाडी. आज द्वितीया."

मामाने आरशात पाहिलं आणि शिवी घातली. आमच्यामागे एक पांढरी गाडी, तिच्यामागे काळी, तिच्यामागे आणखी. मोठा रस्ता जाम म्हणून ज्या-ज्या फोनांनी ज्या-ज्या माणसांना खारीत वळवलं होतं ती सगळी बिऱ्हाडं ओळीने आमच्या पाठीशी येऊन उभी राहत होती. एकपदरी बांध, दोन्हीकडे चिखल आणि खारफुटी. हे माझ्या हिशेबात नव्हतं. माझ्या काळात खारीतून रविवारी दोन सायकली जायच्या.

मी उतरून मागे धावलो. गाडीगाडीच्या काचेवर हात मारत सांगत सुटलो की मागे घ्या, पुढे पाणी आहे, परीक्षा आहे. काळा चष्मा लावलेल्या एकाने काच चार बोटं खाली केली आणि फोन दाखवून म्हणाला, "अंकल, इधर तो रोड क्लिअर दिखा रहा है." बाई मागच्या सीटवर वेफर्स खात होती. सगळ्यात मागच्याला मागे सरकायला पटवलं, तोवर त्याच्यामागे आणखी तीन आल्या. प्रत्येकजण पुढच्याला हॉर्न वाजवत होता. पाण्याला हॉर्न वाजवणाऱ्या माणसांची मला किळस आली, आणि त्यांच्याच रांगेत सर्वांत पुढे आमची गाडी होती.

परत आलो तर मुलीने चपला काढल्या होत्या. सलवार गुडघ्यापर्यंत खोचली होती आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दातांत धरले होते. ती पाण्यात शिरत होती. पलीकडे गेलं की कुणीतरी मोटारसायकलवाला मिळेल, असा तिचा बेत. घोट्यावर पाणी असतानाच मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. त्या मोरीवरून उधाणाच्या पाण्याने रेडा वाहून नेलेला मी पाहिलाय. ती एकदा जोर लावून सुटायला बघत होती. मग थांबली.

मामा आणि काका बांधावर उभे होते. दोघांचा तंटा मिटला होता. "नेटवर्कचा प्रॉब्लेम हाय इथे," मामा म्हणाला. "व्हय, रेंजच न्हाय," काका म्हणाला. त्यांच्याकडे बघून मला नेहमीसारखं हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

दीड वाजता पाणी थांबलं. फेस एका जागी तरंगत राहिला, कचरा पुढे जाईना, मागे जाईना. पूर्ण भरती, मिनिटाचा फरक नाही. तिकडे त्याच मिनिटाला फाटक लागलं असणार. मुलीने घड्याळात बघितलं नाही. पाण्याकडे बघूनच तिला कळलं, कारण पाऊणपटीचा हिशेब मी तिला दुसरीत असताना शिकवला होता, तरीच्या काठावर बसवून.

"बाबा, तुला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मला वाटलं, आपण वेळेत मागं फिरू."

मामा आणि काका दोघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना आत्ता समजत होतं. मुलगी रडली असती तर बरं झालं असतं, ओरडली असती तरी चाललं असतं. तिने फक्त पिशवीतले कागद काढून ओले झालेत का पाहिलं.

"फाट्यावर माझ्या पन मनात आलं व्हतं, पानी असंल म्हणून," ती म्हणाली. "पन मंग म्हटलं, गाडीत तू हायेस. तू गप बसलायस, म्हंजे वाट सुकी असंल."