समुद्रगायीला शेला

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीपुढचा देखावा दरवर्षी एका घराने करायचा, अशी पद्धत आहे. यंदा तो मान आमच्या घराकडे आला. पत्नीने मुलींच्या शाळेत निवृत्तीपर्यंत जीवशास्त्र शिकवले. तिने विषय निवडला समुद्रगाय, म्हणजे डुगाँग. उज्जैनहून समुद्र लांब, पण हा प्राणी शेजारच्या गुजरातेत, कच्छच्या आखातात, अजून थोडाफार उरला आहे. शिवाय हत्ती त्याच्या जवळच्या नात्यातला, तेव्हा गणपतीपुढे तो शोभेल, असे तिचे म्हणणे होते.

बांबूच्या कामट्या, गोणपाट आणि कागदाचा लगदा यांतून तिने मादी तयार केली. जवळजवळ तीन मीटर लांब, तपकिरी-करडी. कातडी जाड, तीवर विरळ केस. तोंड खाली वळलेले, कारण हा प्राणी समुद्राच्या तळावरचे गवत मुळासकट उपटून खातो. वरचा ओठ रुंद आणि राठ केसांचा. नाकपुड्या वरच्या बाजूला, पाण्यात मिटणाऱ्या. बाहेरचे कान नाहीत, पाठीवर पर नाही. शेपूट माशासारखी उभी नसून डॉल्फिनसारखी आडवी, मध्ये खाच असलेली. या प्राण्याची हाडे इतकी भरीव असतात की तळाशी राहायला त्यांच्या वजनाची मदत होते. हाडे कोणाला दिसणार नव्हती, तरी तिने पोटात वाळूच्या पिशव्या भरल्या.

पत्नीसाठी सर्वांत महत्त्वाचे होते ते पिल्लू. समुद्रगायीचे सड पुढच्या परांच्या मुळाशी, काखेत असतात; दोन्ही बाजूंना एकेक. मादी वर्षाहून जास्त काळ गाभण राहते, बहुधा एकच पिल्लू देते आणि त्याला दीर्घकाळ पाजते. पुढचे पिल्लू कित्येक वर्षांनी. मादीला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावे लागते; जाळ्यात अडकली की बुडून मरते. एका मादीच्या मरण्याचा अर्थ मुलांना कळायचा असेल, तर पिल्लू सडाला लागलेलेच दिसले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. स्थापनेच्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर ती मुलांशी बोलणार होती.

मंडळाचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले. स्थापनेच्या आदल्या दिवशी ते पाहायला आले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी 'यंदा जलपरी' असे आधीच जाहीर करून टाकले होते.

"वहिनी, ही जलपरी? ही तर म्हैस वाटते यार."

"जलपरी तुम्ही म्हटलंत. मी नाही."

"अहो, नेटवर लिहिलंय ना, खलाशी हिलाच जलपरी समजायचे."

"महिनोन्महिने समुद्रावर राहिलं की माणसाला काहीही दिसतं. तुम्ही तर रोज जेवायला घरी असता."

ते हसले. मग त्यांची नजर पिल्लाकडे गेली आणि ते तिला सोडून माझ्याशी बोलू लागले. "भाऊसाहेब, तुम्हीच समजवा. इथे फॅमिली येते. देवासमोर हे अच्छा नाही लगत."

"काय अच्छा नाही लगत?" पत्नीने विचारले.

"ते... पाजणं."

"वसुबारसेला गाय-वासराची पूजा करता ना? ते वासरू काय करतं?"

"गायीचं मागे असतं, वहिनी. हे एकदम बाईसारखं, छातीशी."

"हत्तिणीचंही छातीशीच असतं. पुढच्या पायांच्या मध्ये." तिने गणपतीच्या रिकाम्या चौरंगाकडे बोट केले. "आता बोला."

"बघून घेऊ," एवढेच म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला आम्ही पोहोचलो तेव्हाची स्थिती अशी होती. पिल्लू उपटून आईच्या पाठीवर स्वारासारखे बसवलेले. मादीच्या छातीभोवती जरीचा शेला. ओठ गुलाबी, डोळ्यांना लांब पापण्या, शेपटीवर चमकीचे खवले. समोर पाटी: जलपरी.

वर्तमानपत्रात माझी उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात गेली. चूक घाईत होते, अज्ञानातून होते. इथे खरी गोष्ट समोर असताना ती खोटी करण्यासाठी कोणीतरी टॉवर चौकातून चमकी आणली होती आणि बसून एकेक खवला चिकटवला होता. गेल्या वर्षीच्या देखाव्यात असुराच्या मानेतून मोटर लावून लाल पाणी उडवत होते. लहान मुलांना मुद्दाम पुढे बसवले होते. तेव्हा फॅमिली आठवली नाही.

कार्यकारिणीतल्या एक बाई, स्वतःची दोन मुले वाढवलेल्या, पत्नीच्या कानाशी लागल्या. "जाऊ द्या ना ताई. दहा दिवसांचं तर आहे. चालून जाईल."

आरती झाली, मुले पुढे येऊन बसली. पत्नी देखाव्यापाशी गेली, शेल्याची गाठ सोडली, घडी घालून तो सचिवांच्या खुर्चीवर ठेवला. पाटी पालथी केली. पिल्लू पाठीवरून उतरवले. त्याचा सांधा तुटला होता, ते जागी राहीना. म्हणून तिने ते हाताने आईच्या काखेशी धरले आणि बोलायला सुरुवात केली.

सचिव उठून मध्ये आले. "वहिनी, पुढे कोणाला मान द्यायचा ते आता कमिटी बघेल."

"बघा. आत्ता बाजूला सरका, मुलांना दिसत नाहीये."

मागून कोणीतरी हसले. सचिव सरकले. ती बोलत राहिली: गवत, श्वास, दूध, जाळे. पिल्लू खाली घसरू लागले तेव्हा मी जाऊन त्याची शेपटी धरली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. मुले एकेक करून जवळ आली आणि पिल्लाचे तोंड कुठे लागले आहे ते वाकून पाहून गेली. एकही मूल लाजले नाही.

दुसऱ्या दिवशी शेला पुन्हा बांधलेला होता. तिने पुन्हा काढला. विसर्जनापर्यंत हेच चालले. बांधणारा कोण, ते कोणी सांगितले नाही. आमच्यासमोर बांधण्याची हिंमत मंडळात एकालाही झाली नाही. ती मात्र आरतीनंतर, सगळे दिवे चालू असताना, भरल्या सभागृहात काढायची आणि पिल्लू हाताने धरून उभी राहायची.