मागच्या माणसासाठी मडगार्ड

माझा धाकटा भाऊ दातांच्या कवळ्या करतो. करायचा, असं म्हणायला हवं. पण निवृत्त झाल्यावरही घराच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल, दिवा आणि प्लास्टरची पोती आहेतच, आणि ओळखीतले म्हातारे अजून त्याच्यापुढेच आ वासून बसतात. माझ्या तोंडातली कवळी त्यानेच केलेली. तेव्हा त्याने मला इतके हेलपाटे घालायला लावले की शेवटी मी वैतागून म्हटलं, बाबा रे, मला फक्त चावायचंय, फोटो काढून घ्यायचा नाही. त्याने मान वर न करता सांगितलं, "ताई, आ कर." ती कवळी आजतागायत हललेली नाही, हे कबूल करते.

आधी मेणाची करून तोंडात बसवून बघायची, खरवडायची, पुन्हा बसवायची, आणि तसूभरही खोट उरली नाही की मगच पक्की करायची, ही त्याची कामाची रीत. हरकत नाही. पण या गृहस्थाने अख्खा संसार त्याच रीतीने केला. माझ्या भावजयीला पसंत करून तो इतकी वर्षं विचार करत राहिला की शेवटी लग्नाची तारीख तिनेच ठरवली. ती ग्रंथालयात होती. माणसांपेक्षा पुस्तकं लवकर हलतात, असं त्याच्या तोंडावर म्हणायची.

त्या दोघांना मूल झालं नाही. सायकल मात्र होती. तरुणपणापासून दर रविवारी पहाटे शहराबाहेर, तळ्याला वळसा घालून पुलापर्यंत आणि परत. पुढे तो, मागे ती. वारा त्याने अंगावर घ्यायचा, तिने त्याच्या आडोशाने यायचं. त्याचा डावा हात पाठीमागे जाऊन खुणा करायचा: इथे खड्डा, इथे खडी, आता वळायचंय. मागे वळून तो कधीच बघायचा नाही. पुढचा सायकलवाला मागे वळला की दोघंही गटारात जातात, असं त्याचं म्हणणं, आणि आपल्याला वळून बघावं लागत नाही याचा दोघांनाही केवढा अभिमान.

त्यांच्या सायकलवाल्या मंडळींचा एक नियम होता. ओल्या रस्त्यावर ज्याच्या सायकलला पूर्ण मडगार्ड नाही, त्याने सगळ्यांच्या शेवटी राहायचं. कारण उघड आहे. मडगार्ड स्वतःसाठी नसतो, आपल्या चाकाचा चिखल मागच्याच्या तोंडावर उडू नये म्हणून असतो. आमच्याकडे तर तो चिखल नेमका भावजयीच्या चष्म्यावर उडाला असता. तिची नजर आधीच अधू होत चालली होती. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसट होतं, कडेकडेचं दिसतं, असं काहीसं डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. "थोडंसंच आहे," ती म्हणायची. आम्ही विश्वास ठेवला. थोडंसंच म्हणणाऱ्या बाईवर विश्वास ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं असतं.

मग भावाचा खांदा दुखावला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली ठेवलेली सायकल एकदा चोरीला गेलेली. जुनी पोलादी सायकल खांद्यावर घेऊन जिने चढणं त्याला जड जायला लागलं. तेव्हा ठरलं की हलकी कार्बनची घ्यायची. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. निवड त्याच्याकडे सोपवली, हीच चूक.

कार्बनच्या हलक्या सायकली शर्यतीसाठी केलेल्या. त्यांच्यात चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये बोटभरही जागा सोडत नाहीत, मडगार्ड बसणार कुठे? पहिली फ्रेम त्याला बेहद्द आवडली, पण तिला मडगार्डचे स्क्रू बसायला भोकंच नव्हती. दुकानदाराने अडकवायचा छोटा मडगार्ड पुढे केला. हा म्हणाला, "मी पूर्ण कवळी मागतोय आणि तुम्ही मला दोन दात दाखवताय." दुसरीला भोकं होती. हा पठ्ठ्या दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा खिशातून घेऊन गेला आणि पुढचं चाक आणि ते धरणारा चिमटा यांच्यामधल्या फटीत कोंबला. घट्ट झाल्यावर काढून त्याची जाडी मोजली. जागा पुरत नव्हती. नव्याकोऱ्या काळ्या फ्रेमला गुलाबी डाग पडला तो पडलाच. त्या दिवसापासून दुकानात त्याचं नाव मिलिमीटर पडलं.

तिसरीत मडगार्ड बसला, चाक मोकळं फिरलं, रंगही बरा होता. मी म्हटलं, सुटलो. नाही. हँडल वळवलं की त्याच्या बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला घासत होतं. पाय याचे लांब, त्याला कंपनी काय करणार? त्याने पुढच्या वर्षीच्या नव्या फ्रेमची वाट बघायची ठरवली.

"घासू दे की बूट," भावजय म्हणाली. "मी काय बुटाकडे बघत बसणार आहे?"

"एकदाच घ्यायची ना? मग नीट घेऊ."

वाट बघण्यात पावसाळा दोनदा येऊन गेला. दर रविवारचं जाणं महिन्यातून एखाद्या रविवारवर आलं, कारण जुनी सायकल खांद्याला झेपेना. शिवाय त्या सायकलचा मागचा मडगार्ड धरून ठेवणारी एक तार ढिली होऊन खडखडायला लागली होती. एरवी हा माणूस घड्याळाची टिकटिकही सहन करत नाही, पण नवी येणारच आहे तर जुनीला कशाला हात लावायचा, म्हणून ती तार तशीच राहिली. आपल्यामागे भंगारवाला येतोय असं वाटतं, म्हणायचा. भावजय हसायची. "भंगारवाली म्हणा," म्हणायची.

शेवटी ती फ्रेम आली. भोकं होती, जागा होती, बूट घासत नव्हता. मडगार्ड त्याने स्वतः बसवला, तारा कापून, स्क्रूखाली रबराच्या चकत्या घालून. मला फोनवर सांगितलं की चाक फिरवलं तर आवाज नाही, नुसता वारा. इतका खूश झालेला मी त्याला निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. रविवारी परत आल्यावर आमच्याकडेच जेव, म्हणाला.

मी गेले तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली. जेवणाचा पत्ता नव्हता. भावजयीच्या एका बाजूला खांद्यापर्यंत चिखल वाळलेला, तळहात खरचटलेला, आणि हा त्यावर कापूस फिरवत होता. झालेलं त्यानेच सांगितलं. तळ्याच्या वळणावर त्याने नेहमीसारखी हाताने खूण केली आणि वळला. ती वळलीच नाही. सरळ खडीवर गेली आणि कडेच्या चिखलात पडली. याला काहीच कळलं नाही. पुलाशी थांबला, पाणी प्यायला, बाटली मागे धरली, तर ती घ्यायला हात आला नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागे वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

"हात दिसला नाही का तुला?" त्याने विचारलं. मला वाटतं, घरी आल्यापासून तो हेच विचारत असावा.

ती माझ्याकडे बघत, म्हणजे माझ्या कानाच्या जरा पलीकडे बघत म्हणाली, "ताई, मला यांचा हात गेल्या वर्षापासून दिसत नाही. चाकही दिसत नाही. कडेचा रस्ता दिसतो तेवढाच."

"मग येत कशी होतीस?"

"तो मडगार्ड खडखडायचा ना. हे वळले की आवाज वळायचा. खड्डा आला की जोरात वाजायचा. आज काही वाजलंच नाही."

भावाचा हात तिच्या तळहातावर तसाच थांबला. कापूस लाल झाला होता, तो बदलायचंही त्याला सुचेना.

मला राग आला. दोघांनाही तोंडं आहेत, त्यातलं एक तर दातांवर पोट भरतं, आणि वर्षभर एकमेकांना एवढं सांगता येऊ नये? मी तसं बोललेही. तू आंधळ्यासारखी याच्यामागे जात होतीस, आणि हा गुलाबी लगदे मोजत बसला होता. भावजय म्हणाली, सांगितलं असतं तर त्याच दिवशी बंद झालं असतं. बरोबर होतं. बंदच झालं असतं.

भाऊ उठला. आतून पान्हा घेऊन आला आणि म्हणाला, आत्ता तार ढिली करतो. घंटी लावतो. बोलत राहतो, पूर्ण रस्ताभर बोलतो. त्याच्या तोंडून इतकी घाई मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आवाजाचं नाही हो," ती म्हणाली. "आता तुम्हाला माहीत झालंय. आता तुम्ही मागे बघत राहाल."

तो नाही म्हणाला नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, ते त्या दिवशी तरी यायला हवं होतं. पान्हा टेबलावर ठेवून तो खाली बसला. मला म्हणाला, "ताई, पहिलीच घेतली असती तर? तेव्हा तिला अजून नीट दिसत होतं. दोन पावसाळे तरी मिळाले असते." मी भात लावला, कारण कुणीतरी लावायला हवा होता.

भावजयीची सायकल ग्रंथालयात नव्याने लागलेल्या मुलीला गेली. दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल घ्या, असं मी सुचवून पाहिलं. भावजय म्हणाली, हे ती निवडतील तोवर मला ऐकूही येईनासं होईल. विनोदच होता, पण कुणी हसलं नाही.

रविवारी तो आता एकटा जातो. तिनेच पाठवायला सुरुवात केली. घरात बसून माझ्या तोंडाकडे बघता ते जमायचं नाही, म्हणाली. तो सकाळी सायकल खांद्यावर टाकून जिना उतरतो. खांदा दुखत नाही, फ्रेम खरोखरच पिसासारखी आहे. तो येईपर्यंत ती गॅलरीत बसते. परवा मी तिथेच होते. तो आला, बूट काढले, आणि तिला रस्ता सांगायला बसला: पुलाआधी डांबर उखडलंय, वळणावर खडी वाढलीय, वारा डावीकडून होता. तिने ऐकून घेतलं.

"ते राहू दे. तळ्यात पाणी किती होतं?"

तो विचारात पडला. मला त्याचा चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांचे रविवार तो मनातल्या मनात उलटे फिरवत होता.

"रस्त्यावर नजर असते गं," तो म्हणाला. "तळ्याकडे कधी बघितलंच नाही. तू सांग ना, तू तर मागे निवांत असायचीस."

"मी तुमच्या चाकाकडे बघत होते," ती म्हणाली.