आत्याची दोन वावरं आणि एक खरेदीखत

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. संग्रामपूरकडच्या एका शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. पिंपळगाव राजाला आमच्या घराशेजारी एक विधवा बाई राहायची. सगळी गल्ली तिला आत्या म्हणे. तिची दोन वावरं होती. एक गावाजवळचं, विहिरीचं. त्यात ती वांगी-मिरच्या लावायची. दुसरं लांब, नाल्याकडचं, कोरडवाहू. नवरा गेल्यावर तिथवर चालणं तिला होईना, म्हणून ते माझ्या वडिलांनी घ्यायचं ठरलं. बाबांनी मला मुद्दाम रजा काढायला लावली.

"तू शिकेल हायेस," ते म्हणाले, "आमाले त्या कागदातलं काय समजते?"

समजत मलाही नव्हतं, पण तसं मी बोललो नाही.

खामगावला रजिस्ट्री कचेरीबाहेर कडुनिंबाखाली तिघे अर्जनवीस टेबलं मांडून लोकांचे दस्त लिहीत बसले होते. काम कोणाला द्यावं? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिन्ही टेबलांजवळून एक चक्कर मारली आणि ज्याचं अक्षर सुंदर होतं त्याला गाठलं. दुसरी काही पारख मला सुचली नाही.

"लिहून देणार कोण?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच ना," मी म्हणालो.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, मी नुसता लिहिणारा. जमीन विकते ती बाई लिहून देणार, घेतात ते तुमचे वडील लिहून घेणार. आता जमिनीचं जुनं खत द्या."

आत्यानं पिशवीतलं कापडी गाठोडं माझ्या हातात दिलं. नवऱ्यानं जपून ठेवलेले कागद होते. वरचं खत काढून मी पुढे केलं. त्यानं त्यावरून तासभर लिहिलं आणि मग वाचायला घेतलं. 'सदरहू', 'सबब', 'उपरोक्त' असं करत एकच वाक्य पानभर चाललं. जमीन कोण कोणाला देतोय, हेच मधूनमधून माझ्या हातातून निसटे. तरी मी मान हलवत राहिलो. वर्गात पोरं अशी मान हलवतात तेव्हा मी त्यांना उभं करतो.

"...जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांसह..."

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "जल म्हंजे पानी नं? नाल्याच्या वावरात पानी कुठलं?"

"बाई, हे सगळ्याच खतांत लिहितात. तशी पद्धत आहे."

"मंग चारी बाजू परत वाचा."

"पूर्वेस गाडरस्ता, पश्चिमेस देवस्थानाची जमीन..."

"हे तं माह्यं विहिरीचं वावर हाय."

"नाही वो आत्या," बाबा म्हणाले, "नाल्याकडे बी गाडरस्ता हायेच." पण तो उगवतीला की मावळतीला, हे त्यांना आठवेना. ते उठून तिथंच गोल फिरले. "उगवती कोन्या अंगाले हाय रे इथं?"

मी पोरांना भूगोल शिकवायचो. पण भर दुपार, ऊन डोक्यावर, आणि मला दिशा सांगता येईना. अर्जनवीस कचेरीच्या दाराकडे बोट दाखवत होता, आत्या त्याच्या उलट.

"आत्या, सरकारी शिक्क्याचा कागद हाय," मी म्हणालो. "त्याच्यावरूनच लिवलं. तुमचीच काहीतरी गल्लत होऊन राह्यली."

"असन बापा. पन म्या अंगठा नाही देत."

तिनं हात पदराखाली घेतला. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, बाई आता फिरली. काय करावं ते न सुचून मी गाठोडं पुन्हा उघडलं. आत आणखी एक खत निघालं. तसाच कागद, तशीच घडी, फक्त सर्व्हे नंबर वेगळा. त्यात पश्चिमेस नाला लिहिला होता.

गाठोड्यात दोन खतं असतील हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी दिलेल्या कागदावरून तिचं विहिरीचं वावर आमच्या नावावर होणार होतं.

"कागद तुम्हीच काढून दिला नं, मास्तर?" अर्जनवीस एवढंच बोलला आणि लिहिलेल्या पानांवर आडव्या रेघा मारल्या. तोवर कचेरीत दस्त दाखल करून घ्यायची त्या दिवसाची वेळ संपत आली होती.

परतताना एसटीत मी आत्याला म्हणालो, "चूक माही होती."

"हाव, पाह्यलं म्या," ती म्हणाली. "तू मान हालवे, तवा मले वाटलं तुले समजून राह्यलं. म्हनून म्या पयले बोलली नाही."



आठ दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच अर्जनविसाकडे गेलो. या वेळी त्याला दर ओळीला थांबवून मी अर्थ विचारला आणि तो आत्याला आमच्या बोलीत सांगितला. एक-दोन शब्द त्यालाही सांगता आले नाहीत. "असं लिहायचं असतं," तो म्हणाला. आत्यानं चारी बाजू दोनदा ऐकल्या आणि मग अंगठा दिला. नाल्याचं वावर बाबांनी पुढं बरीच वर्षं वाहिलं-पेरलं. आत्या मात्र कुठलाही कागद आला की माझ्याकडेच आणायची. इतकं सगळं होऊनही माझ्याकडेच काऊन, हे तिला विचारायचं माझ्यानं कधी झालं नाही.