दाजींचा कान

खाणीत आम्ही पन्नास माणसं एका कानाच्या भरवशावर जगलो. तो कान आमच्या दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. पाळी सुरू व्हायच्या आधी ते सळईने डोक्यावरचं छत ठोकत पुढे जायचे. आवाज खणखणीत आला तर नुसती मान हलवायचे. पोकळ आला, म्हणजे छत कोसळायच्या बेतात, तर एकच शब्द, "बाहेर!" त्यावर का म्हणून विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग कोळशाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि खाणीला टाळं लागलं. जवळच पवनचक्कीची पाती बनवणारा कारखाना उभा राहिला. पात्याचे थर एकमेकांना नीट चिकटलेत का, हे तिथे हातोडीने ठोकून ऐकतात. दाजींना त्या कामावर तीन महिन्यांच्या बोलीने घेतलं, शेवटी परीक्षा. नापास झाले तर बावन्नाव्या वर्षी घरी बसायचं. ताईने तर आतापासूनच जेवण टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी दाजींनी पातं ठोकलं, कान टवकारले आणि ओरडले, "बाहेर!" त्यांच्या मागोमाग तिथेच कामाला लागलेले आम्ही सात जुने खाणकामगार जीव मुठीत घेऊन पळालो. सगळ्यांत पुढे मी, खोटं कशाला बोला! मागून तिथल्या तरुण इंजिनिअर बाई पोट धरून हसत आल्या. "काका, पातं आतून पोकळच असतं हो!"

दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. हा गडी दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर! ज्या आवाजाला तीस वर्षं भ्यायचं, तोच इथे चांगला; बसका आला की गोंद धरलेला नाही. मुरलेल्या कानाला असं उलटं शिकवणं खायचं काम नाही. लेकीच्या वयाच्या बाईंकडून ते मुकाट्याने शिकले.

परीक्षेच्या पात्यात बाईंनी मुद्दाम तीन दोष ठेवले होते. दाजींनी खडूने बरोबर त्या तीन जागांवर गोल काढले आणि चौथ्या जागी अडले. "इथलं मला नक्की सांगता येत नाही. कापून बघा."

अहो, परीक्षेत असं कबूल करतात का?

बाईंनी तुकडा कापायला लावला. आत सगळं घट्ट चिकटलेलं. संपलं, मी मनात म्हटलं.

पण बाईंनी कागदावर सही केली. "शंका लपवली नाहीत, काका. उद्यापासून पक्के."

दाजींचं कागदाकडे लक्षच नव्हतं. तो तुकडा हातात धरून ते हसत होते आणि डोळे वाहत होते.

"चुकलो की रे मी," ते मला म्हणाले. "चुकलो, आणि सगळे जिवंत आहेत."