बाबांचा कान आणि माझा फझ

मोटार उघडायच्या आधीच तिच्यात काय बिघडलंय ते बाबा नुसतं ऐकून सांगतात. आमगावात त्यांचं मोटार-वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा गुंडाळायचं, दुकान आहे आणि दुकानाला लागूनच आमचं घर. चिचगडकडचा एखादा शेतकरी फोन करतो, चालू पंपाजवळ फोन धरतो, आणि बाबा इकडे डोळे मिटून सांगतात, "बेअरिंग गेली. कॉइल चांगली आहे, पंप बंद कर." हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण माझ्या गिटारशी त्याचा काही संबंध असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या कानाबद्दल माझं मत तेव्हा फारच चांगलं होतं.

मी दिवसा शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी गिटार वाजवते. दोन वर्षांपूर्वी एक छोटा डिजिटल अॅम्प घेतला. त्यात कॉम्प्युटर असतो, आणि तो जुन्या मोठ्या अॅम्पची आणि पायाने दाबायच्या पेडलची हुबेहूब नक्कल करतो. मला त्यातला हवा होता तो फझ. फझ म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम फाडून केलेला जाडाभरडा, गुरगुरता आवाज. पण चांगल्या फझची खरी गंमत गुरगुरण्यात नाही. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण थोडं मागे फिरवलं, हात हलका केला, की तोच आवाज स्वच्छ आणि नितळ व्हायला हवा. माझ्याकडे तो होतच नव्हता. बटण मागे घेतलं की गुरगुर तेवढीच, फक्त लांबून आल्यासारखी.

गोंदियातली माझी मैत्रीण गाणी लिहिते आणि गाते. तिच्या एका गाण्याची सुरुवात माझ्या एकट्या गिटारवर होती, आणि ती माझ्याच बोटांना सुचली होती. आधी तिच्या आवाजाखाली अगदी हलकं वाजवायचं, मग हळूहळू चढत जाऊन शेवटी फझने घर हादरवायचं. मध्येच पायाने दुसरा आवाज लावला तर भलताच कोणी येऊन वाजवायला बसल्यासारखं वाटे. आणि फझ सुरुवातीपासून ठेवला तर ती वैतागायची.

"तू बजाती है तो मेरी आवाज़ ही डूब जाती है यार," ती एकदा म्हणाली. "रविवारी शेवटचं ऐकते. नहीं हुआ तो इस गाने में कीबोर्ड रख लेंगे."

तिचं चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. ते गाणं माझ्या हातून गेलं असतं तर मी गिटार खोळीत घालून माळ्यावर टाकली असती. मी आहेच तशी, डोकं फिरलं की थेट टोकाला जाते.

शनिवारी दुपारी शाळेतून आले आणि बसले. फझ आधी, अॅम्प नंतर, सगळी बटणं इकडची तिकडे. मोबाइलवर जगभरची तज्ज्ञ मंडळी जे जे सांगत होती ते सगळं करून झालं. शेवटी मी अॅम्पलाच शिव्या घालायला लागले, तेव्हा बाबा वार्निशचे हात पुसत दारात आले.

"बाई, याले लोड काऊन नाही लागून राहिला?"

"का नाही म्हणजे? लोड कशाला लागायचा?"

"तुह्या गिटारीले. रिकामी फिरून राहिली ते. मिलमधली मोटार रिकामी फिरवली तं एकाच सुरात बोलते. धान पडलं का आवाज जड होते, कमी पडलं का हलका. तुही गिटार तं एकाच सुरात आहे."

"बाबा, हे डिजिटल आहे. यात मोटार नसते," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले.

"गिटार तं डिजिटल नाही ना?"

मी गिटार त्यांच्यासमोर धरली. तारांखालचा पिकप दाखवला. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. बाबांनी भिंग लावून तो बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तं आपलीच चीज आहे! कॉइल!" मीटर लावून त्यांनी रेझिस्टन्स मोजला आणि जुन्या टीव्हीच्या सामानाचा डबा काढला. माझ्या वायरचं अॅम्पकडचं टोक उघडलं, आणि आतल्या दोन तारांमध्ये चिमट्याने लोड म्हणून एकेक छोटा रेझिस्टर अडकवून मला म्हणाले, "वाजव."

पहिल्याने आवाज पार बसला. दुसऱ्याने थोडा उठला. बाबा डोळे मिटून मान हलवत होते, नाही, नाही. चौथा लावला, लाल, लाल, नारंगी पट्ट्यांचा, आणि मी तार छेडली.

माझ्या अंगावर काटा आला. जोरात वाजवलं की तोच जाड, फाटका फझ. व्हॉल्यूम मागे घेतला, हात हलका केला, आणि त्याच तारेतून इतका स्वच्छ सूर आला की मी वाजवायचीच थांबले. पुन्हा जोर लावला, गुरगुरला. सोडला, निवळला. बोटाच्या टोकाला मी जे करत होते ते सगळं आवाजात येत होतं, माझी भीतीसुद्धा. तज्ज्ञांच्या दोन वर्षांच्या सल्ल्यांनी जे झालं नाही ते एका वाटाण्याएवढ्या रेझिस्टरने झालं होतं. बाबांनी डोळे न उघडताच तो पक्का जोडायला सोल्डरिंग आयर्न मागितलं.

रविवारी मैत्रीण आली. तिने गायला सुरुवात केली, मी तिच्या आवाजाखाली वाजवत राहिले, आणि ती एकदाही वैतागून माझ्याकडे वळली नाही. मग गाणं चढत गेलं आणि शेवटी फझ उसळला, तेव्हा तिने गाता गाता डोळे मोठे केले. संपल्याबरोबर ती माझ्या अॅम्पपाशी येऊन वाकली. मग म्हणाली, "कीबोर्ड कॅन्सल. कौनसा नया अॅम्प लिया?"

मी दारात उभ्या असलेल्या बाबांकडे बोट केलं. आणि मग कालपासून मनात असलेलं विचारलं.

"बाबा, दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होता तुम्ही. आधी काऊन नाही सांगितलं?"

बाबा साधेपणाने म्हणाले, "तू त्या मोबाइलमधल्या लोकायले इचारून राहिली होती. मले वाटलं, मले इचारशीन तवा सांगीन."

मैत्रीण हसली. मला हसू आलं नाही. मी उठले, दुकानातली त्यांची खुर्ची आत आणली आणि अॅम्पच्या समोर ठेवली.

"बसा," मी म्हणाले. "आता पुन्हा वाजवते. कुठं चुकते ते सांगा."