आईची खाणीवरची वडारी

आज सकाळी मसाल्याचा गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीने टाकवून घ्यायला इथल्या किला गेटच्या बाजारात गेले होते. सोबत सातवीतली लेक.

दगडकाम करणाऱ्या चाचांनी छिन्नीवर पहिला घाव घातला आणि मी एकदम ओरडले, तेही वडारीत, आमच्या वडार लोकांच्या बोलीत. डोळे मीट, मागे हो, एवढाच अर्थ. लेकीला काहीच कळलं नाही, ती माझ्याकडेच बघत उभी राहिली. उडालेली कपची तिच्या गालाला लागली. डोळा थोडक्यात वाचला.

"मम्मी, तू अभी क्या बोललीस?"

आम्ही मूळचे सोलापूरकडचे वडार. आईबाबा खाणीवर दगड फोडायचे. आमची भाषा तेलुगूच्या जवळची, पण शाळेत पोरं हसतात म्हणून आई माझ्याशी मराठीच बोलायची. फक्त घण उचलला की ती वडारीत ओरडायची, आणि मी डोळे मिटून तिच्या पदराशी पळायचे. पदराला उन्हाचा आणि दगडाच्या भुकटीचा वास असायचा. तेवढीच वडारी माझ्या वाट्याला आली. लेकीला मी तीही दिली नाही.

परतताना ती स्कूटीवर मागून म्हणाली, "फिरसे बोल ना, मी लक्षात ठेवते."

मी तोंड उघडलं, पण एकही शब्द आठवेना. आई असती तर फोन लावला असता.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून वडारी बोलत असतील, तर "डोळे मीट, मागे हो" कसं म्हणतात ते खाली लिहाल का? लेक वही उघडून बसली आहे.